फक्त एक लेव्हल म्हणता म्हणता

संपादक महोदय,

परवा रात्री झोपायच्या आधी फक्त एक लेव्हल म्हणून मोबाईल हातात घेतला आणि बघतो तर पाऊण वाजलेला, बॅटरी ४ टक्के, आणि बायको म्हणतेय "अहो, ठेवा तो फोन आता". लोक या पझल आणि क्लिकर (नुसतं स्क्रीनवर दाबत राहायच्या) गेम्सना टाइमपास म्हणतात, असेलही, पण त्यामागचं डोकं साधं नाही हो. २०१० मध्ये गेम डिझायनर इयान बोगोस्ट यांनी 'काऊ क्लिकर' काढला तो फेसबुकवरच्या असल्या गेम्सची टिंगल करायला, दर सहा तासांनी गायीवर एक क्लिक, बस्स एवढंच, आणि गंमत म्हणजे लोक तोच मन लावून खेळायला लागले! मग २०१३ चा 'कुकी क्लिकर', त्यात आधी बोट दुखेस्तोवर दाबायचं आणि नंतर आपण काहीच केलं नाही तरी आकडा आपोआप वाढतो, आता याला खेळ म्हणायचं की मीटर?

'२०४८', म्हणजे सारख्या आकड्यांच्या चौकटी सरकवून जोडायचा गेम, मात्र मला आवडतो. मोठा आकडा कोपऱ्यात धरून ठेवायचा, एक स्वाइप चुकला की डाव गेला. राग येतो तो पाच लाइफ संपल्या की अर्धा तास थांबा नाहीतर पैसे भरा वाल्यांचा, आणि नेमकी एकच चाल कशी कमी पडते दरवेळी? निदान लेव्हल संपल्यावर आज किती वेळ खेळलात ते मोठ्या अक्षरात दाखवा, स्टार नंतर द्या.

– एक वाचक (सध्या लेव्हल ३१२ वर अडकलेला)