वर्गणीला घर न् घर माहीत, मग नोकरीला का नाही?

मा. संपादक,

गिरणीच्या जागेवर अजून एक टॉवर येतोय अशी बातमी आली की आमच्या लालबागच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती आगपाखड होते आणि तिसऱ्या दिवशी परत गुड मॉर्निंग सुरू. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारांच्या घरांसाठी मोर्चे निघाले, काहींना घरं लागली पण, नोकरीचं मात्र कोणी नावच काढत नाही. खरंतर मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ मध्ये होतं की गिरणी दुसरीकडे हलवली किंवा मालकाने दुसरा उद्योग काढला तर तिथे पात्रता असेल तर कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला आधी नोकरी द्यायची. किती जणांना दिली ते विचारलंय कोणी?

उद्योगांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्या हा सरकारी आदेश (जीआर) सगळ्यांना पाठ आहे पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला कोणीही, त्यामुळे लालबाग-परळला त्याचा वेगळा काही फायदा नाही.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी, बीकॉम, टॅली येतं, आजोबा गिरणीत साचेखात्यात (मागावर) होते. त्याच जागेवरच्या ऑफिसात रिसेप्शनला जागा आहे कळलं म्हणून गेली तर गेटवर सांगितलं भरती एजन्सी करते, एजन्सी म्हणाली आम्ही दुसऱ्या ठेकेदाराकडून माणसं घेतो. ७० च्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने मराठी मुलांच्या नोकऱ्यांसाठी बँका, विमा कंपन्यांचा पिच्छा पुरवला तेव्हा समोर साहेब तरी बसलेला असायचा, आता दार कुठलं ठोठवायचं तेच कळत नाही.

म्हणून म्हणतो सुरुवात गणपती मंडळांनीच करावी. वर्गणीला कुठल्या खोलीत कोण राहतं हे पोरांना तोंडपाठ असतं ना, मग त्याच पावतीपुस्तकावरून कोण आयटीआय झालंय, कोण ग्रॅज्युएट होऊन घरी बसलंय, कोणाचे आजोबा कुठल्या गिरणीत होते अशी यादी करा आणि पाच-दहा मंडळांनी एकत्र येऊन ती थेट बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला द्या, ठेकेदाराला नको. सोबत नगरसेवकाला न्या, पण बॅनर त्याचा नको (नाहीतर यादी राहते बाजूला आणि फोटोच छापून येतात).

आणि नुसत्या हाऊसकीपिंग-सिक्युरिटीवर बोळवण करून घेऊ नका, अकाउंट्स, मेंटेनन्स, फ्रंट ऑफिस पण मागा, पीएफ आणि आठवड्याची सुट्टी लेखी घ्या. तिथे बारा-बारा तास उभा राहणारा बाहेरचा पोरगा आपला दुश्मन नाही, त्यालाही तोच ठेकेदार पिळतोय, सुट्टी मागाल ती त्याच्यासाठी पण मागा.

– एका गिरणी कामगाराचा नातू, लालबाग, मुंबई