दाढ काढण्याआधी हिरडीचे माप दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेरूचा घास घेतला की फोडीवर रक्ताची रेघ उमटायची. मी ती पुसून खायचो. 'दात साफ केले की हलायला लागतात' या ऐकीव गोष्टीवर माझा पक्का विश्वास! शेवटी दाढ हलली, तेव्हा जवळच्या दवाखान्यात गेलो. पाच मिनिटांत निकाल लागला: तीन दाढा काढा, इम्प्लांट बसवा.

मुलीने हट्टाने हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे नेले. खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून ते मोजत होते, मदतनीस लिहून घेत होती. "तीन, तीन, आठ." निरोगी हिरडीत ती फार तर तीन मिलिमीटर जाते. आठ म्हणजे आत हाड झिजून खळगा पडलेला. आधी मुळांवरचे कीटण काढले, तंबाखू सोडायला लावली, रक्तातली साखर तपासली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजले आणि मगच शस्त्रक्रिया ठरली. भूल देऊन हिरडी उलटली, खळगा साफ करून त्यात हाडाची भुकटी भरली, वर पडदा ठेवून टाके घातले. पडदा कशाला, तर हिरडीची कातडी भराभर खाली उतरून ती जागा बळकावते. हाड सावकाश भरते, त्याला सवड हवी. ही काल-परवाची टूम नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी माणसाच्या दातावर असा पडदा वापरल्याचे १९८२ सालीच प्रसिद्ध केले होते.

नऊ महिन्यांनंतरच्या एक्स-रेत दोन दाढांचे खळगे बरेचसे भरलेले दिसले. तिसरीचे हाड मात्र चहूबाजूंनी सपाट खाली गेलेले, भुकटी धरायला भिंतच नाही. ती काढावी लागली, आणि हे तज्ज्ञांनी आधीच सांगितले होते. तेव्हा हाड सरसकट वाढवून देतो म्हणणाऱ्यापासूनही जपायला हवे.

दात काढायला सांगताना मापांचा कागद आणि एक्स-रे रुग्णाच्या हाती देण्याचा दंडक दंतवैद्यांच्या संघटनांनीच घालावा. खासगी खर्च झेपत नसेल, तर आपल्या पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. हिरड्यांचा विभाग तिथेही आहे. पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर ३६, ३७, ४६ हे दाढांचे क्रमांक आहेत, खाली इम्प्लांटची रक्कम आहे. माप एकही नाही.

- एक निवृत्त एसटी वाहक, पंचवटी, नाशिक