आधी आत्याकडे जा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

'आई, आपल्या घराण्याची सगळी माहिती व्हॉट्सॲपवर टाक, मी वंशावळीच्या ॲपमध्ये भरते,' असं लिहिलंयस. सगळी म्हणे! फोनवर सांगायला घेतलं की तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहूनच पाठवते.

एक कर, घरच्या ग्रुपवर 'वंशावळ पाठवा' असं टाकू नकोस. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाचं सावट आलं. तेव्हापासून आपल्या घणसोलीत वंशावळ निघते ती वारस दाखल्यासाठी नाहीतर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी. तू मायेने विचारशील आणि तुझे काका वकिलाला फोन लावतील. त्यापेक्षा एखादा जुना फोटो टाक आणि विचार, 'मागच्या रांगेतली अंबाड्यात फुलं माळलेली बाई कोण?' भांडून भांडून सांगतील.

तुझ्या ॲपमध्ये आडनाव घालून शोधण्यात वेळ घालवू नकोस. पाटील, म्हात्रे, भोईर इथे गावोगाव आहेत. आपल्याकडे माणूस सापडतो तो गाव आणि सर्व्हे नंबर यांवरून. सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा ठाणे, तालुका ठाणे, मग गाव, मग कागदाचा प्रकार आणि नंबर. थोडी फी भरली की पान उतरवून घेता येतं. सगळ्यात जास्त माहिती फेरफारात असते. खातेदार कधी वारला, मागे कोण राहिलं, कोणाचं नाव लागलं, हे सगळं तिथे. तुझ्या पणजीचं नाव मला असंच मिळालं. तीन मुलांच्या नावांखाली शेवटच्या ओळीत ती, पुढे 'विधवा' आणि शाईचा डाग. तिच्या मुलींचा मात्र पत्ता नाही. पुढच्या पिढीच्या मुली दिसतात, पण हक्कसोडीच्या नोंदीत. म्हणजे ज्या दिवशी हक्क सोडला त्या दिवशी कागदावर आल्या! नुसत्या या कागदांवरून झाड काढलंस तर त्याला बापे आणि विधवाच लागतील.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी तहसीलला जावं लागेल. गाव नमुना नंबर १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बरंच जुनं पान मोडी लिपीतलं निघालं तर मोबाइलकडून वाचून घेऊ नकोस, जाणकाराला दाखव. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तू स्वतःच का शिकत नाहीस?

आता मुलींचं. कपाटावरच्या ट्रंकेत तुझ्या आजोबांच्या लग्नाची आहेराची वही आहे. निळ्या शाईत रकाने आखलेत: नाव, गाव, रुपये, भांडं. 'जुहूगाव, मोठी बहीण, कळशी.' 'गोठिवली, मावससासू, रुपये २.' कोणती मुलगी कुठल्या गावात दिली, ते त्या वहीएवढं कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. पानन् पान फोटो काढून घे. तशाच लग्नपत्रिका. मामाचं नाव, गाव, तिथी-तारीख, खाली निमंत्रकांची रांग. आपण त्या रद्दीत घालतो.

पण या सगळ्याआधी आत्याकडे जा. मोठी आत्या, तुझ्या बाबांची. वही थांबेल, तिचं काही सांगता येत नाही, ऐंशीच्या पुढे गेलीय. 'आत्ये, जुना इतिहास सांग' म्हणालीस तर 'मला काय म्हायती' म्हणून गप्प बसेल. 'निवट्या धरायला खाडीत कोण कोण जायचं' असं विचार. मग नावं थांबायची नाहीत. मिठागरावर कोण होतं, लग्नात धवल्यांची गाणी म्हणायला धवलारीण कोणत्या गावची यायची, तेही विचार. मोबाइल टेबलावर पालथा ठेव, एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन रंगात फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, जागा आणि तिचं नाव मोठ्याने बोल. मध्ये मध्ये दुरुस्त्या करू नकोस, चुकीचं सांगितलं तरी सांगू दे.

तारखांचा घोळ होणारच. शाळेच्या दाखल्यावर आपल्या निम्म्या घराचा वाढदिवस १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. तेव्हा साल विचारू नकोस, 'कशाच्या आधी' ते विचार. चीनच्या लढाईआधी की नंतर, म्हणजे १९६२. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. जासईचा गोळीबार, जानेवारी १९८४, तो तर आपल्याकडे कोणी विसरणार नाही, दि. बा. पाटलांच्या जमिनीच्या आंदोलनात पाच माणसं गेली. वाशीला लोकल आली १९९२ साली. या खुंट्यांना बांधत गेलीस की लग्नं आणि बाळंतपणं आपोआप रांगेत येतात. खात्री नसेल तिथे 'अंदाजे' लिही. ॲपला रिकामी जागा आवडत नाही म्हणून तारीख ठोकून देऊ नकोस.

फोटो खिडकीच्या उजेडात काढ, फ्लॅश नको. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो उपटू नकोस, फाटेल, आहे तिथेच टिप. मागची बाजूही घे, स्टुडिओचा शिक्का असतो. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा पार भुगा करतं. फाइलला नाव देताना आधी साल, मग गाव, मग माणूस. एक प्रत ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर, एक भावाकडे.

उघड्यावर काय टाकायचं ते मात्र नीट बघ. हयात माणसांच्या जन्मतारखा नकोत, आधार-पॅन तर नाहीच. आईचं माहेरचं आडनाव बँकवाले विचारतात, तेही नको. कोणाचं दुसरं लग्न, कोण कोणाशी बोलत नाही, ते तुझ्या वहीत लिही, ग्रुपवर नको.

झाडाचा पहिला खर्डा मोठ्या कागदावर छापून आण, अक्षर ठळक. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मोबाइलवर तिला दिसत नाही. बाजूला जागा सोड आणि तिच्या हातात पेन दे, ती सातवी शिकलेली आहे. रविवारी दुपारी जा. शनिवारी तिच्याकडे भजन असतं, कोणी कोणाला ऐकत नाही.

तुझी,
आई