ओमला लस का नाही?

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "सईला एचपीव्हीची लस, मग ओमला का नाही?" मी "गणितात तसंच येतं" म्हणून तुला वाटेला लावलं. रात्री ते माझं मलाच खटकलं.

कागद घे. एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू. तो बाईकडून पुरुषाकडे, तिथून पुन्हा बाईकडे, असा उड्या मारत जातो. समज, दर उडीला एकाचे दोन होतात. दोन उड्यांत चार. फक्त मुलींना लस दिली, तर चाराचा एक व्हायला, म्हणजे फैलाव वाढायचा थांबायला, 75 टक्के मुली पुरतात. दोघांनाही द्यायची, तर मुली 50 टक्के आणि मुलगेही 50 टक्के. म्हणजे शंभर मुली नि शंभर मुलग्यांमागे एकीकडे 75 जणांना लस, दुसरीकडे 100. एकाआड एक कडी तोडली की भागतं! लस महाग असताना सरकारं मुलींकडेच वळणार. त्यात या विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्यांनाच.

ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये शाळांतून मुलींना लस द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत याच विषाणूमुळे तरुणींना होणारे जननेंद्रियांवरचे चामखीळ झपाट्याने घटले, आणि लस न घेतलेल्या तरुण पुरुषांमधलेही. फक्त पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये तशी घट दिसेना. दिसणार कशी? त्यांच्या साखळीत बाईची कडीच नाही. ऑस्ट्रेलियात 2013 मध्ये मुलगेही लसीकरणात आले, इंग्लंडमध्ये 2019 ला.

एम.एस्सी.ला मीही असंच मॉडेल केलं होतं. दोन चौकोन, बाई आणि पुरुष, बाण फक्त एकातून दुसऱ्यात. पुरुषाच्या चौकोनातून त्याच चौकोनात बाण काढावा, हे मला सुचलंही नाही. मार्क मात्र चांगले पडले.

शिवाय ते 75 टक्के टिकायला हवेत. जपानने 2013 मध्ये लसीची शिफारस मागे घेतली, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरणाचं प्रमाण नव्या मुलींमध्ये एक टक्क्याखाली गेलं. मुलगे लस घेतलेले असते तर थोडा तरी आडोसा राहिला असता.

आपल्या बार्शीचाही यात वाटा आहे, ठाऊक आहे? 2009 मध्ये सुरू झालेल्या या लसीच्या चाचणीत तिथल्या मुली होत्या. 2010 मध्ये सरकारने लस देणं थांबवलं आणि देशभरातल्या सुमारे 5000 मुलींना एकच डोस मिळाला. पुढे त्यांच्यावरूनच दिसलं, की एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण मिळतं. डोस कमी लागले, की मुलग्यांना नाही म्हणायचं कारणही लंगडं पडतं.

तेव्हा सईचं आधी कर, लांबवू नकोस. सीरमची लस मुलग्यांनाही चालते. परवडत असेल तर ओमलाही दे, डोस किती ते डॉक्टरांना विचार. त्या चौकोनांची वही अजून आहे, आलास की दाखवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश