तापमानाशेजारी धुळीचाही आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या रानातला सोलर पंप पाणी ओढेना. मोटार गेली समजून मी मिस्त्रीला फोन लावणार, तेवढ्यात मुलीने प्लेटांवर बोट फिरवलं. बोटाला करड्या धुळीचा थर! ओल्या फडक्याने प्लेटा पुसल्या, धार थोडी वाढली, पण नेहमीसारखी नाही. कारण वर आभाळातही धूळच होती. सूर्य पांढुरका, बिनतेजाचा. रात्री मात्र अंगणात बाज टाकूनही उकाडा सोसवेना. हवेतली धूळ दिवसा ऊन अडवते आणि रात्री जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही, त्याचा हा अनुभव.

ही धूळ सगळी आपल्याच शिवारातली असते असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यातल्या गाड्या पांढऱ्या केल्या होत्या. अरबस्तानातून उडालेली धूळ अरबी समुद्रावरची हवा तापवते, त्याने मोसमी वारे जोर धरतात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो, असं २०१४ च्या एका संशोधनात दिसलं. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या लोकांना हे कळायला नको का?

धुळीचा रंगही महत्त्वाचा. फिकट धूळ ऊन परतवते, लोहाची खनिजं असलेली गडद धूळ ते शोषून हवा तापवते. कोणत्या वाळवंटात कोणती खनिजं आहेत हे पाहायला ‘नासा’ने २०२२ मध्ये अंतराळ स्थानकावर खास उपकरण बसवलं. आपण मात्र उन्हाळ्यात रान नांगरून उघडं टाकतो आणि बांधावरची बाभूळ, लिंब तोडतो. मग वावटळ उठली की वरची कसदार माती पहिली जाते. यात मीही आलो. गेल्या वर्षी रस्त्याकडेचा बांध मीच मोकळा केला, त्याची आता हळहळ वाटते.

आपल्या अंकात रोज कमाल-किमान तापमान आणि पाऊस येतो. मार्च ते जून त्याच चौकटीत जिल्ह्याच्या हवेतल्या धुळीचा, म्हणजे ‘पीएम १०’चा आकडा द्यावा. धूळवादळाचा इशारा असेल तर तोही आदल्या दिवशी छापावा. दमेकरी माणूस घरात थांबेल, बायका वाळवण आत घेतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. केज, जि. बीड