मेंदूतली शिल्लक मोजायला एक यंत्र द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येतं, तेव्हा आम्हा सीमावासीयांच्या घोषणा आपल्या कानावर पडतातच. माझं मागणं त्याहून लहान आहे.

मी इथे जीवरसायनशास्त्र शिकवतो. ऊसतोड सुरू झाली की निपाणी-चिकोडीकडचे इन्सुलिन घेणारे शेतकरी जेवणाची वेळ चुकवतात. साखर उतरते, घाम फुटतो. काहींना तर ती उतरल्याचं कळतही नाही. तेव्हा मेंदू कशावर तगतो? वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही वीस टक्के ऊर्जा खातो. यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेलं ग्लुकोज, शंभर ग्रॅमच्या आसपास, मेंदूत जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम, तेही मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत. साखर एकदा उतरून गेली की मेंदू पुढच्या वेळेसाठी जादा साठा करतो का, यावर माणसांवरच्या प्रयोगांचं एकमत नाही.

मुळात मोजणंच जिकिरीचं. उंदराचा मेंदू बाहेर काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत रक्त थांबलेलं असतं आणि विकरं (एन्झाइम) ग्लायकोजेन फोडत सुटलेली असतात. कात्री हातात असतानाच उत्तर बदलतं. भुलीनेही आकडा हलतो. म्हणून थेट उंदराच्या डोक्यावर किरण एकवटणारा मायक्रोवेव्ह लागतो. तो एक-दीड सेकंदात विकरं निकामी करतो. जुन्या पद्धतींचे आकडे कमी का यायचे, ते त्यानंतर उमगलं. आम्ही तो मागितला, तर प्रस्तावावर शेरा आला: ‘स्वयंपाकाची उपकरणे या निधीतून घेता येणार नाहीत.’ नावच तसं, शेरा मारणाऱ्याला तरी काय बोलणार!

जिवंत माणसात कार्बन-१३ या जड, पण किरणोत्सर्गी नसलेल्या कार्बनची खूण असलेलं ग्लुकोज तासन्‌तास शिरेतून सोडून, शक्तिशाली चुंबकात झोपवून मोजतात. मेंदूतला जुना साठा जाऊन नवा यायलाच काही दिवस लागतात, तेव्हा माणसाला पुन्हा बोलवावं लागतं. हे बेळगावात लगेच करा असं मी म्हणत नाही. पण बंगळूरूच्या एखाद्या संस्थेने उद्या असा अभ्यास घेतला आणि खानापूरचा मराठी शेतकरी त्यात आला, तर त्याला संमतिपत्र मराठीत मिळावं. सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्या, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात.

तूर्त हा मायक्रोवेव्ह ‘संशोधन उपकरण’ या शीर्षाखाली मंजूर करा, आणि सोबत कायमस्वरूपी तंत्रज्ञाचं एक पद. पद नसेल तर यंत्रही नको. आवरण घालून ठेवलेली यंत्रं आमच्याकडे आधीच आहेत.

आपला,
एक शिक्षक, बेळगाव