त्याची खोली

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एका खोलीला तीन महिने? वाडा बांधताय की काय!" मी हसण्यावारी नेलं, कारण तुझा नातू शेजारीच बसला होता आणि त्याच्याबद्दल बोललेलं त्याला मान वर न करताही बरोबर कळतं. म्हणून हे पत्र. बाबांनाही वाचून दाखव.

पहिली खोली आम्ही आमच्या हौसेनं सजवली होती. एका भिंतीवर ग्रह-तारे, दुसरीवर हत्ती-जिराफ, छताला टांगलेली विमानं. फोटो बघून तुम्ही सगळे खूश झालात. तुझा नातू मात्र त्या खोलीत एक रात्र धड झोपला नाही. मध्यरात्री उशी काखोटीला मारून पॅसेजमध्ये जायचा आणि चपलांचं कपाट न् भिंत यांच्या सांदीत अंग मुडपून निजायचा. आम्ही उचलून आणायचो, तो परत जायचा. मला तो हट्ट वाटायचा.

त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत म्हणून त्याला मदत करणाऱ्या बाईंनी, एवढंच विचारलं, "त्याच्या पलंगावर तुम्ही कधी आडवे झाला आहात का?" त्या रात्री झालो. दिवा मालवला आणि दहा मिनिटांत माझंच डोकं भणभणलं. भिंतीपलीकडे फ्रिजची मोटर घुर्र करून सुरू व्हायची, बंद पडताना एक झटका द्यायची. पडदा खिडकीपेक्षा चार बोटं अरुंद, त्या फटीतून रस्त्यावरच्या गाडीचा उजेड यायचा आणि चकचकीत रंगाच्या भिंतीवरून सरकत जायचा. वर विमानं वाऱ्यानं गरगरत होती. आणि उशीच्या अभ्र्याचं लेबल बरोबर माझ्या कानाखाली आलं होतं. आपण ते बाजूला सारून झोपतो. त्याला ते रात्रभर बोचत असणार.

बाई म्हणाल्या, शाळेत आपल्याला पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात, पण शरीर आणखीही बातम्या देत असतं: तोल कुठे झुकतोय, हातपाय कुठे आहेत, पोटात काय चाललंय. हे सगळं मेंदू कसं जुळवतो, याची मांडणी ए. जीन एअर्स नावाच्या थेरपिस्टबाईंनी अमेरिकेत १९७०च्या दशकात केली. बाबा म्हणतात "आमच्या वेळी नव्हतं हे", तर त्यांना सांग, ऑटिझमच्या निदानासाठी डॉक्टर जे अमेरिकी निकष वापरतात, त्यांत उजेड-आवाज-स्पर्श इतरांपेक्षा कमी-जास्त जाणवणं २०१३ साली रीतसर लिहिलं गेलं. मुलं आधीही अशीच होती, त्यांना नुसतं 'किरकिरी' म्हणत असू.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. चित्रं पुसली, विमानं उतरवली, सगळं पांढरं आणि रिकामं. खोली की दवाखाना! तो तिथे गोल गोल धावायचा आणि भिंतीवर मुद्दाम आदळायचा. तेव्हा कळलं, उजेड आणि आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवतो, पण अंगावरचा दाब आणि धक्का कमी पोचतो, म्हणून तो मागून घेतो. एकाच पोरात दोन्ही. तेव्हा खोलीत आदळायलाही जागा हवी. आता एका कोपऱ्यात जुनी जाड गादी जमिनीवर टाकली आहे. झोपाळाही मनात होता, पण भाड्याच्या घरात छताच्या तुळईला हूक मारता येत नाही आणि नुसत्या जिप्समच्या छताला टांगायची छाती नाही.

दिव्यांचं सांगतो. आपल्याकडच्या जुन्या चोकवाल्या ट्यूब आठव. त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आपल्याला कळत नाही, काहींना त्रास होतो. स्वस्तातले एलईडीही तसेच निघतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले की समजायचं. आमचे तीनपैकी दोन तसे निघाले. आता २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आहे, तोही टेबलाजवळ खाली. पडदे भिंतीला दोन्हीकडून चिकटवले. जाड पडद्यानं बाहेरचा आवाज थांबेल असं मला वाटत होतं, तसं फारसं होत नाही, खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. खरा फरक दाराखालच्या फटीला लावलेल्या रबराच्या पट्टीनं पडला. आणि फ्रिज दुसऱ्या भिंतीला हलवल्यानं!

तीन महिने का लागले, तर आठवड्याला एकच गोष्ट बदलायची असं ठरलं होतं. बदल होण्याआधी त्याचा फोटो दारावर चिकटवायचा, दोन-तीन दिवस त्याला बघू द्यायचा. रंग बिनचकाकीचा आणि कमी वासाचा घेतला, तरी पंधरा दिवस खिडक्या उघड्या टाकून तो आमच्या खोलीत झोपला. रंग त्यानंच निवडला. राखाडी. ही नाक मुरडत होती, आता तिलाही आवडतो.

पलंग कुठे ठेवायचा यावर मात्र आमचं घोडं अडलं. एके दिवशी चपला काढताना ही म्हणाली, "अरे, त्यानं जागा दाखवलीय की!" दोन्हीकडून टेकायला आधार, डोक्याशी खिडकी नाही, पायाशी मोकळं. मग कपड्यांचं कपाट भिंतीला ब्रॅकेटनं पक्कं केलं, कारण हा चढतो, आणि पलंग कपाट न् भिंत यांच्या मधे सरकवला. पहिल्या रात्री त्यानं दोन्ही बाजूंना तळहात लावून बघितले, चांगला वेळ. मग पाठ टेकली.

गोधडी धाडू का विचारलंस. धाड. जड पांघरुणाचा इथे फार बोलबाला आहे, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत त्यानं मुलांची झोप काही वाढली नाही, फक्त मुलांना आणि आईबापांना ते आवडलं. आवडलं तरी पुरे. वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. हा २१ किलोचा, म्हणजे दोन किलो. काट्यावर टाकून बघ, आणि त्याला स्वतःहून फेकून देता आली पाहिजे. वासाच्या पावडरीत धुऊ नकोस, आणि टाके एका अंगाला मऊ ठेव.

तू आलीस की त्याच्या खोलीत शिरण्याआधी दारावर दोनदा टकटक कर आणि वरचा दिवा लावू नकोस. लगेच जवळ घेऊ नकोस, तो आपणहून पाठ टेकवेल.

अजूनही आठवड्यातून एखादी रात्र तो पॅसेजमध्ये जातो. आम्ही आता उचलून आणत नाही, तिथे एक सतरंजी पसरून ठेवली आहे.

तुझा,
धाकटा